वही कुणी कुरतडली?



"बाई, माझी वही उंदरानं खाल्ली!"

खरं सांगा, तुमच्या वर्गात कुणी असं म्हणालं तर तुम्ही काय कराल? हसाल ना? आमच्या चौथीच्या वर्गातही तेच झालं. जिनं हे सांगितलं तिचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण तिला चिमी म्हणू. चिमीची गणिताची वही आदल्या आठवड्यात घरी राहिली होती आणि त्याच्या आधी पावसात भिजली होती. त्यामुळे आता उंदराचं नाव निघाल्यावर सगळा वर्ग खो-खो हसायला लागला. आणि मीसुद्धा हसले. वर म्हणाले, "उंदराला भागाकार फार आवडतात वाटतं!" वर्ग आणखीच हसला. चिमी मान खाली घालून जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली. हातात काडेपेटी होती. "बाई, पुरावा आणलाय," ती हळूच म्हणाली. मी काडेपेटी उघडली. आत जिऱ्याएवढे आठ-दहा काळे दाणे! उंदराच्या लेंड्या होत्या त्या.

"कशानं उचलल्यास गं?"

"बोटानं."

माझ्या पोटात धस्स झालं. आधी तिला नळावर नेलं, साबणानं चांगले हात धुवायला लावले, मीही धुतले. काडेपेटी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. पण मनातून काही जाईना. या पोरीनं घाणीत हात घातला तो कशासाठी? तर बाईंनी विश्वास ठेवावा म्हणून. चूक तिची नव्हती, माझी होती.

मग काय, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी चिमीच्या घरी गेले. बरोबर काय काय नेलं माहीत आहे? एक बॅटरी, एक पट्टी, एक पेन्सिल, एक कोरा कागद आणि फळ्याखाली साठलेली खडूची पूड, डबीभर!

संशयित कोण कोण?

चिमीची आई म्हणाली, "बाई, आमच्याकडे उंदीर नाहीत हो. रात्री एक चिचुंद्री तेवढी दिसते. चिमीचे बाबा आज येताना तिच्यासाठी औषध आणणार आहेत."

देवघरापाशी बसलेल्या आजी म्हणाल्या, "मग समईतली वात रोज जाते ती कोण नेतं? मी तर म्हणते गणपतीचा उंदीर येत असेल."

बघा हं. वही कुरतडणारा कुणीतरी आहे, वात पळवणारा कुणीतरी आहे आणि रात्री दिसणारी चिचुंद्री आहे. हे तिघं वेगळे की एकच? चांगला गुप्तहेर आधी तपास करतो आणि मग चोर पकडतो. आपण नेमकं उलटं करतो. आधी पिंजरा नाहीतर औषध आणतो आणि कोण आलंय ते बघतच नाही. म्हणून आधी संशयितांची ओळख करून घेऊ.

पहिला, घरातला लहान उंदीर. याचं अंग सात ते दहा सेंटिमीटर आणि शेपूट जवळजवळ तेवढीच. वजन साधारण पंधरा ते पंचवीस ग्रॅम, म्हणजे एखाद्या पेढ्याइतकं! कान मोठे, डोळे मण्यांसारखे काळे, पाय नाजूक.

दुसरा, मोठा काळा उंदीर. हा माळ्यावर, कौलांत, आढ्यावर पळतो. याची शेपूट अंगापेक्षा लांब असते. याचं पिल्लू लहान उंदरासारखंच दिसतं आणि पुष्कळ जण फसतात. ओळखायची खूण अशी की पिल्लाचं डोकं आणि पावलं अंगाच्या मानानं मोठी दिसतात.

तिसरी, घूस. ही थोराड आणि जाड असते. जमीन उकरून बीळ करते. अंगणात, मोरीच्या बाहेर, गटाराच्या कडेला बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग दिसला की समजावं, घूस आली.

आणि चौथी, बिचारी चिचुंद्री. दिसते उंदरासारखी, पण ती उंदीर नव्हेच! उंदीर कुरतडणाऱ्या प्राण्यांतला, तर चिचुंद्री किडे खाणाऱ्यांतली. तिचं तोंड लांब आणि टोकदार, सोंडेसारखं पुढे आलेलं. डोळे टाचणीच्या डोक्याएवढे बारीक. भिंतीच्या कडेकडेनं 'चिक् चिक्' करत पळते आणि मागे उग्र वास सोडते. ती मुख्यतः झुरळं आणि किडे खाते. आणि गंमत ऐका. तिची पिल्लं एकामागोमाग एक, पुढच्याला तोंडात धरून आईच्या मागे आगगाडीसारखी चालतात!

म्हणजे चिमीच्या घरी औषध यायचं होतं ते झुरळं खाणाऱ्या चिचुंद्रीसाठी. तिच्यावर खटला भरायच्या आधी पुरावा नको का बघायला?

चोर सोडून जातो त्या खुणा

उंदीर दिवसा सहसा दिसत नाही. पण खुणा मात्र भरपूर सोडतो. त्या शोधताना आपला एकच नियम ठेवायचा. डोळे लावायचे, बोट लावायचं नाही.

लेंड्या. ही सगळ्यांत पक्की खूण. लहान उंदराच्या लेंड्या तीन ते सहा मिलिमीटर लांब, टोकांना निमुळत्या, जिऱ्यासारख्या असतात. पट्टी जवळ धरून मोजायचं, पण हात लावायचा नाही. मोठ्या उंदराच्या लेंड्या याच्या दुप्पट, साधारण बारा मिलिमीटरच्या. आणि लेंडीच्या एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर? तर ती पालीची! उंदराच्या लेंडीला पांढरं टोक नसतं. ताजी लेंडी काळी आणि चकचकीत दिसते. जुनी झाली की भुरकट होते, तिचा भुगा व्हायला लागतो. म्हणजे चोर काल रात्री आला होता की महिन्यापूर्वी, तेही कळतं. एक लहान उंदीर दिवसाला पन्नास ते ऐंशी लेंड्या टाकतो. त्यामुळे खूप लेंड्या दिसल्या म्हणून शंभर उंदीर आहेत असं समजून घाबरू नका.

दातांच्या खुणा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडून ते झिजवावे लागतात. लहान उंदराच्या दातांच्या खुणा अगदी बारीक, जोडीजोडीनं उमटलेल्या असतात. साबण, मेणबत्ती, लाकडी दाराचा खालचा कोपरा, प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण, विजेच्या वायरी, हे सगळं नीट बघा. धान्याच्या पोत्याला भोक आणि खाली पिठासारखा भुगा दिसला की तीही खूणच.

रस्ते. उंदराला लांबचं नीट दिसत नाही. तो मिशांनी चाचपत भिंतीला चिकटून पळतो. रोज त्याच रस्त्यानं गेल्यामुळे भिंतीच्या तळाशी, पाइपाला, भोकाच्या कडेला मळकट तेलकट डाग पडतो. बॅटरी जमिनीवर आडवी धरून प्रकाश टाकला तर धुळीतले रस्ते आणि पावलं छान उठून दिसतात. वरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही. करून बघा.

वास आणि आवाज. बंद कपाटात कुबट, नाकात जाणारा वास येतो. रात्री सामसूम झाल्यावर कुरकुर, खरखर ऐकू येते. घरात मांजर असेल आणि ते एकाच फटीकडे टक लावून बसत असेल तर तिकडे जरूर बघा.

घरटं. कागद, चिंध्या, कापूस, सुतळी यांचे बारीक तुकडे करून उंदीर चेंडूसारखं घरटं बांधतो. उबदार, अंधारी आणि कुणी हात न लावणारी जागा त्याला आवडते. फ्रिजच्या मागे मोटरजवळ, गाद्यांच्या घडीत, जुन्या खोक्यात, माळ्यावरच्या रद्दीत, शिलाई मशीनच्या खालच्या खणात.

शोध सुरू!

चिमीनं कोऱ्या कागदावर घराचा नकाशा काढला. स्वयंपाकघर, ओटा, देवघर, मोरी, कपाट, दारं. मग आम्ही दोघी दाराच्या उजव्या हातापासून भिंतीच्या कडेनं निघालो आणि घराला फेरी मारून परत दारापाशी आलो. तपासाची ही पद्धत सोपी आणि चांगली, काही सुटत नाही. आई आमच्या बरोबर होती. जड वस्तू सरकवायचं काम तिचं. खूण दिसली की नकाशावर फुली. लेंडीला लाल फुली, दातांच्या खुणेला निळी, फट किंवा भोक असेल तिथे गोल.

फट केवढी असली तर धोका? त्यासाठीच पेन्सिल नेली होती. जिथे पेन्सिल आत जाते तिथून लहान उंदीरही आत जाऊ शकतो! सहा-सात मिलिमीटरची फट त्याला पुरते. सिंकच्या पाइपाभोवती अशी एक फट निघाली आणि मागच्या दाराखाली दुसरी.

अर्ध्या तासानं नकाशा बघितला तर काय! बहुतेक लाल फुल्या दोनच ठिकाणी. एक गव्हाच्या डब्याच्या मागे आणि दुसरी देवघराच्या खाली. उंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब जात नाही, बहुधा दहा मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे घरटं या दोन जागांच्या आसपासच हवं.

रात्रीसाठी आम्ही एक सापळा लावला, पण पकडायचा नव्हे, बघायचा. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांवर खडूची पूड पातळ पसरली आणि त्या भिंतीच्या कडेला ठेवल्या. (खडूची पूड नसली तर अंगाला लावायची पावडर चालेल. कणीक मात्र नको, ती उंदराला मेजवानीच!) रविवारी सकाळी चिमीनं बघितलं आणि वहीत चित्र काढून ठेवलं. इवली इवली पावलं, पुढच्या पायाला चार बोटं, मागच्या पायाला पाच. मधून शेपटीची बारीक रेघ. सगळी पावलं देवघराखालून निघून शिलाई मशीनकडे गेली होती.

रविवारी दुपारी मी पुन्हा गेले. चिमीच्या बाबांनी हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून मशीनचा खालचा खण हळूच ओढला. आत कागदाच्या कपट्यांचा गोळा, त्यात समईच्या वातींचा कापूस. पिल्लं नव्हती. एक उंदीर मात्र सर्रकन निघून गेला. मोठे कान, नाजूक पाय. पहिला संशयित!

आणि त्या कपट्यांवर काय होतं सांगू? लाल शाईची अर्धी टिकली. माझीच! खाली चिमीच्या अक्षरात भागाकार, आणि बरोबर सोडवलेला.

मी चिमीकडे बघितलं. ती काही बोलली नाही, नुसती हसली.

आणि मग ओट्याखाली

तपास तिथेच संपला असता. पण नकाशावर एक निळी फुली राहिली होती, ओट्याखालची. बॅटरी घेऊन वाकून बघितलं आणि मी दचकलेच. गॅसच्या रबरी नळीवर बारीक दातांच्या खुणा! नळी फुटली नव्हती, पण वरचा थर खरवडला गेला होता. आणखी काही रात्री गेल्या असत्या तर?

आईनं लगेच रेग्युलेटर बंद केला. दुसऱ्या दिवशी नवी नळी आली, आत तारेचं जाळं असलेली, आयएसआय छाप असलेली. मुलांनो, वही गेली तर नवी आणता येते. पण गॅसची नळी आणि विजेची वायर यांच्यावर दात लागले तर सगळ्या घराचा प्रश्न असतो. आजींची वातही तशीच. पेटती वात उंदरानं ओढून नेली तर?

घरात गॅसचा वास आला तर काय करायचं हेही लिहून ठेवा. दिव्याचं बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही. काडी ओढायची नाही. रेग्युलेटर मोठ्यांनी बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर जायचं आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करायचा.

मेलेला उंदीर दिसला तर?

त्याला हात लावायचा नाही, शेपटीला धरून मिरवायचं तर मुळीच नाही. मोठ्यांना सांगायचं. याचं कारण आपल्याच इतिहासात आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ आली. प्लेग झालेले उंदीर मरून पडतात आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांना चावतात. पण पिसवांमुळे रोग पसरतो हे तेव्हा माहीत नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून ते दाखवून दिलं. १९९४ साली आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि नंतर सुरतेत प्लेगची भीती पुन्हा पसरली होती. आज त्यावर औषधं आहेत. म्हणून घाबरायचं नाही, पण एकाच ठिकाणी बरेच उंदीर आपोआप मेलेले दिसले तर आरोग्य केंद्रात नक्की कळवायचं. उंदीर-घुशींच्या मुतानं लेप्टोचाही प्रसार होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात, विशेषतः पायाला जखम असताना, का चालू नये ते आता कळलं ना?

पालकांसाठी

खुणा मुलांनी शोधाव्यात, पण पुढचं काम मोठ्यांचं. लेंड्या कोरड्या झाडूनं झाडू नका, धूळ नाकात जाते. हातात पिशव्या किंवा मोजे घालून त्यांवर जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग जुन्या कागदानं पुसून तो कागद टाकून द्या आणि साबणानं हात धुवा. जिथे लेंड्या पडल्या असतील ते धान्य-पीठ वापरू नका.

फटी बुजवताना नुसता कागद किंवा चिंधी कोंबू नका, ती उंदीर कुरतडतो. भांडी घासायची तारेची घासणी फटीत घट्ट कोंबून वरून सिमेंट लावा. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोका. धान्य पत्र्याच्या नाहीतर स्टीलच्या डब्यात ठेवा. रात्री उष्टी भांडी आणि कचरा उघडा ठेवू नका. उंदराला दिवसाला जेमतेम तीन ग्रॅम अन्न लागतं, म्हणजे ओट्यावर सांडलेलं त्याला पोटभर होतं!

पिंजरा लावायचा तर खोलीच्या मधोमध नको. भिंतीला लागून, त्याच्या रस्त्यावर लावा. शेंगदाणा किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा पुरतो. उंदीर सापडला की त्याचे हाल करू नका आणि मुलांना करू देऊ नका.

आणि 'औषध'? अहो, औषध कसलं, ते विषच. बाजारात मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. त्यानं यकृत निकामी होतं आणि त्यावर नेमका उतारा नाही. टोमॅटोला किंवा पावाला लावून ठेवलेली ती पेस्ट रांगत्या बाळाच्या हाती लागायला कितीसा वेळ लागतो? लहान मुलांच्या घरात ती आणूच नका. चुकून कुणाच्या पोटात गेलीच तर त्रास व्हायची वाट न बघता पाकिटासकट लगेच दवाखाना गाठा.

उशीर मात्र करू नका. उंदराची मादी तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं देते आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत पुन्हा पिल्लं द्यायला तयार होतात. हिशोब मुलांकडूनच करून घ्या!

सोमवारी वर्गात

चिमीच्या बाबांनी औषध आणलं नाही, पिंजरा आणला. चार रात्रींत तीन उंदीर सापडले. फटी बुजल्या. नवीन लेंड्या दिसत नाहीत ना, हे चिमीनं पुढचे पंधरा दिवस रोज नकाशा घेऊन बघितलं. चिचुंद्री अजून येते, झुरळं खाते आणि जाते. आजींची वात आता जागेवर असते.

आणि मी? सोमवारी प्रार्थना झाल्यावर वर्गासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मुलांनो, चिमी खरं सांगत होती. मी न बघता हसले. माझं चुकलं." वर्ग एकदम गप्प झाला. मग चिमीला फळ्यापाशी बोलावलं आणि तिनं आपला नकाशा सगळ्यांना समजावून सांगितला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. उलट, "आमच्याकडे येशील का गं बघायला?" म्हणून तिच्यामागे रांग लागली!

डोंगर पोखरून उंदीर काढला असं आपण म्हणतो. आम्ही डोंगर पोखरला नाही. नीट बघितलं फक्त.

आता तुमची पाळी. या रविवारी आईबाबांना बरोबर घेऊन घराचा नकाशा काढा, फेरी मारा, फुल्या करा. एकही फुली आली नाही तर फारच छान. आली तर मात्र मोठ्यांना नकाशासकट सांगा. आणि मोठ्यांनो, मूल काही सांगायला आलं तर आधी बॅटरी घ्या आणि बघा. हसायचं नंतर!

तुमच्या,
बाई